घोडबंदर किल्ल्यावर वारली इतिहास आणि रानाची ओळख कशी करून द्यावी

ठाण्याजवळच्या घोडबंदर किल्ल्याच्या शालेय सहलीत मुलांना खाडी दाखवली जाते, पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला असे सांगितले जाते आणि बुरुजावर फोटो काढून बस ठाण्याला परतते. मागच्या डोंगररांगेतले वारली पाडे या हकिगतीत येतच नाहीत. ते यावेत असे वाटत असेल, तर महिनाभर आधी, मुलांना न घेता, एखाद्या पाड्यावर जाऊन तिथल्या जाणत्या माणसांना काय सांगावेसे वाटते आणि काय बाहेर सांगायचे नसते, हे विचारून घ्यावे. मानधनही तेव्हाच ठरवावे. तारीख भाताच्या आवणीत, म्हणजे रोपे लावण्याच्या दिवसांत, येऊ देऊ नये. त्या दिवसांत पाड्यावर कोणाला उसंत नसते.

रानाची ओळख शेवळे या रानभाजीपासून करावी, असे माझे मत आहे. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या आणि शेजारीच काकड या आंबट रानफळांचे वाटे येतात. ते विकत घ्यावेत, जंगलातून काही उपटू नये. शेवळाचे कोंब सोलून आतला पिवळा भाग कसा काढून टाकतात, हे पाड्यावरच्या बाईंनी करून दाखवावे. या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्यामुळे घसा खाजतो आणि म्हणूनच भाजीत आंबट काकडे घालतात, एवढे शिक्षकांनी जोडले की पुरे.

चित्रकलेच्या तासाचा मात्र हमखास विचका होतो. मुलांकडून त्रिकोणांची माणसे काढून घेण्याआधी, लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीतले चित्र, सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात आणि त्यात पालघट देवी असते, हे सांगणे आवश्यक आहे. वाटेत शेंदूर लावलेला वाघोबा, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातला देव, दिसला, तर त्याला हात लावू न देता त्याच्या वाघबारस या सणाची माहिती पाड्यावरच्या माणसाकडूनच ऐकावी. बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी ती सांगण्यात वेगळे वजन असते.

इतिहास सांगताना १७३७ च्या जोडीला १९४५ हे सालही फळ्यावर लिहावे. त्या वर्षी तलासरी-उंबरगाव भागातल्या वारल्यांनी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत तलासरी ठाणे जिल्ह्यातच होती, त्यामुळे हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठरतो.

कार्यक्रमपत्रिकेत सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती घेऊन, वक्त्याच्या जागी छापावे. तिथे ‘स्थानिक आदिवासी’ एवढेच लिहून भागवू नये.