पक्षी शोधत हिंडू नका, पिकलेलं झाड शोधा

नागपुरात महाराजबाग, सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीच्या झाडीत दोन तास चालूनही कावळे-साळुंक्यांपलीकडे काही दिसत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. चालणं कमी करा, फळांवर आलेला वड, पिंपळ किंवा उंबर गाठा.

१. मान वर करण्याआधी जमीन बघा. ताजी, चोचीनं फोडलेली फळं पडली असतील तर झाड चालू आहे. वडाचं पिकलेलं फळ लाल, पिंपळाचं जांभळट-काळं, उंबराचं तांबूस असतं. शेजारची दोन झाडंही एकाच वेळी पिकतील असं नाही, म्हणून प्रत्येकाखाली बघावं लागतं.

२. उजाडताच पोहोचा. झाडाच्या पूर्वेला, पंधरा-वीस पावलांवर बसा. ऊन पाठीशी राहिलं की रंग खरे दिसतात. उलट बाजूनं प्रत्येक पक्षी नुसता काळा ठिपका.

३. निदान वीस मिनिटं हलू नका. हरियाल, आपला राज्यपक्षी, पानांत इतका मिसळतो की हलल्याशिवाय सापडतच नाही. पानं नाही, हलणारी फांदी बघा. तांबट, हळद्या, कोकीळ येतात. राखी धनेश आला तर सकाळ सार्थकी लागली!

फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच युक्ती फुललेल्या पळस-काटेसावरीखाली वापरा. तिथे मधासाठी शिंजीर आणि बुलबुल येतात.

बसण्याआधी उंच फांद्यांखाली आग्या मोहोळ लोंबतंय का, ते नक्की बघा. दिसलं तर ते झाड सोडा. तिथे धूर, दगड, अत्तर काहीच नको.