अंतरा इंजेक्शनचा साठा पुन्हा संपू नये म्हणून
आमच्या पुणे जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी आलेल्या एका ताईंना साठा संपल्यामुळे मला परत पाठवावे लागले, याची बोच अजून आहे. दर 3 महिन्यांचा हा डोस फार लांबला तर गर्भधारणेपासून संरक्षण राहत नाही. शेजारच्या केंद्रातून कुपी मागवून त्यांना डोस दिला.

नोंदवही तपासली, तेव्हा मूळ चूक सापडली: मागणी आम्ही गेल्या महिन्याच्या वाटपावरून करत होतो, आणि साठाच नसलेल्या महिन्यात वाटप शून्य दिसल्याने पुढची मागणीही आपोआप घटत होती. आता साठा नसलेले दिवस वगळून मी सरासरी मासिक खप काढतो, आशाताईंकडून पुढील डोसच्या तारखा घेतो आणि दोन महिन्यांचा साठा उरताच एफपी-एलएमआयएस या कुटुंब नियोजन साधनांच्या साठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर मागणी नोंदवतो. मुदत आधी संपणारी खोकी पुढे ठेवतो.