लॅबमध्ये बनवलेला एलियन कामगार स्पेस स्टेशनवर कसा रुळवायचा (गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी)

डोळे किती, रंग कुठला हे नंतर बघा. आधी ठरवा की लॅबवाल्यांनी त्याला नेमकं कुठल्या कामासाठी बनवलंय, कारण त्याचं अख्खं शरीर त्या एका कामाच्या हिशोबाने घडवलेलं असणार आणि खरी पंचाईत होणार ती काम नसताना, शिफ्ट संपल्यावर. रिकामा वेळ त्याला कोणी शिकवलेलाच नाही, माझ्या मते गोष्ट तिथेच आहे.

मग स्टेशन समजून घ्या. वर गुरुत्वाकर्षण नसतं असं बरेच जण लिहितात, पण ४०० किमीवर ते जमिनीच्या जवळपास ९०% असतंच, स्टेशन आणि आतले सगळे एकत्र सतत पडत असतात म्हणून तरंगतात. त्यामुळे गरम हवा वर जात नाही, पंखे कायम चालू ठेवावे लागतात, नाहीतर झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचतो. आता तुमचा कामगार टाकीत, एकदम शांततेत वाढलेला असेल तर त्याला ही चोवीस तासांची घरघर कशी वाटेल? आणि त्याला माणसापेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल तर तो कोणाच्या वाट्यातून जाणार? भांडण इथूनच सुरू होऊ द्या, व्हिलन आणायची गरज नाही.

शरीराचे डिटेल्स मात्र जवळून दाखवा. स्टेशनवर माणसं रेलिंगखाली पाय अडकवून काम करतात, त्यामुळे काही आठवड्यांत तळव्यांची जाड कातडी सोलून निघते आणि घट्टे पडतात ते पावलाच्या वरच्या बाजूला. नवीन आलेल्याचं तोंड सुजतं, नाक चोंदतं. हाडं झिजू नयेत म्हणून रोज साधारण दोन तास व्यायाम करावा लागतो, तोही पट्ट्यांनी ट्रेडमिलला बांधून घेऊन. तुमच्या कामगाराला यातलं काहीच होत नाही, पायांच्या जागीही हात आहेत, तो पहिल्याच दिवशी सराईत, आणि ट्रेडमिलवर घाम गाळणाऱ्या सहकाऱ्याकडे बघत विचारतो की हे काम कोणी दिलं तुला? हा प्रश्न मनापासून विचारू द्या, विनोद करू नका त्याचा.

झोपेचंही बघा. स्टेशन दर ९० मिनिटांनी पृथ्वीला फेरी मारतं म्हणजे दिवसाला १६ सूर्योदय, आणि त्याचं शरीर उजेडावर चालत असेल तर प्रत्येक सूर्योदयाला तो कामाला उठेल. कोणीतरी न सांगता त्याच्या खिडकीवर झाकण लावतं, एवढा सीन पुरे, मैत्रीवर वेगळं पान नको.

शेवटी नाही म्हणणं. स्कायलॅब या जुन्या अमेरिकन स्पेस स्टेशनवरच्या शेवटच्या टीमने १९७३-७४ मध्ये कामं फार ठासून भरलीत म्हणून ग्राउंड कंट्रोलशी मोकळेपणाने बोलून वेळापत्रक सैल करून घेतलं होतं. माणसांनाही हे बोलायला वेळ लागला, मग ज्याला आज्ञा पाळायलाच बनवलंय त्याला किती लागेल. त्याचा पहिला नकार अगदी छोट्या गोष्टीवर ठेवा, जसं की झोपायची बॅग पंपापासून लांब हवी. बंडबिंड लगेच नको.

ड्राफ्ट झाला की प्रत्येक सीनमध्ये त्याने कशाला धरलंय, काय कशात अडकवलंय ते तपासा, आणि बसला, चालत गेला, खाली पडलं असे शब्द सापडले की तो सीन परत लिहा.