बँकॉकची जुनी बुद्धमंदिरं बघताना या चुका टाळा

ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीपाशी उतरलात की इस्त्रीच्या शर्टातला एखादा गृहस्थ हसत पुढे येतो. ‘‘आज सकाळी बंद आहे, पूजा चाललीय. दुपारी या.’’ तोवर दुसरी मंदिरं दाखवतो म्हणून तो टुकटुक (तिथली तीनचाकी रिक्षा) थांबवतो आणि भाडं सांगतो अगदीच किरकोळ. बँकॉकमधली ही फार जुनी युक्ती. टुकटुक एखाद्या मंदिरात नेतेही, पण वाटेत रत्नांचं आणि शिंप्याचं दुकान हमखास लागतं, कारण चालकाचं कमिशन तिथे असतं. वाद घालू नका, सरळ फाटकापर्यंत चालत जा. तिकीटखिडकी सकाळी 8.30 ते दुपारी 3.30 उघडी असते. शाही समारंभामुळे खरंच बंद असेल, तर ते फाटकावरच कळेल. टुकटुकमध्ये बसून गेला असाल, तर दुकानाच्या दारातच ठरलेलं भाडं देऊन मोकळे व्हा. ‘सरकारी सवलतीतले’ नीलम तर मुळीच घेऊ नका.

दुसरी अडचण कपड्यांची. राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओसाठी (थाई भाषेत ‘वात’ म्हणजे मंदिर) खांदे झाकलेले हवेत आणि गुडघेही. स्लीव्हलेसवर ओढणी घेतली की भागेल, या भरवशावर राहू नका. फाटकावर बहुतेक वेळा अडवतात. फाटकी जीन्सही नको. अडवलंच तर समोरच्या रस्त्यावर हत्तींच्या छापाचे ढगळ पायजमे मिळतात. दिसायला विनोदी, पण त्या उकाड्यात तेच बरे.

आत गेल्यावर बरेच जण मोठी मूर्ती शोधत राहतात. पाचूबुद्धाची मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटरची आहे आणि बसलीय उंच सोनेरी सिंहासनावर, त्यामुळे मान वर करा. तिचे पोशाख तीन: उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, थंडीचा. ऋतू बदलला की राजा स्वतः पोशाख बदलतो, तेव्हा सध्या कोणता आहे ते बघा. या गाभाऱ्यात फोटोला बंदी आहे. मोबाइल खिशातच ठेवा. खाली बसताना पाय मागे दुमडून घ्या, तळवे मूर्तीकडे करू नका. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडून जायचं. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये.

नकाशावर वात फो राजवाड्याला खेटून दिसतं, पण राजवाड्याचं पर्यटकांचं फाटक उत्तरेला आणि वात फो दक्षिणेला. भर दुपारी भिंतीच्या कडेने चालताना जीव जातो. टोपी आणि पाणी जवळ असू द्या, दालनात शिरताना टोपी काढा. तिथला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि गर्दीबरोबर पुढे सरकतात. खांब इतके जवळ आहेत की बाजूने अख्खी मूर्ती टिपता येत नाही. पायांच्या टोकाला जा. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावाची 108 मंगलचिन्हं आहेत, आणि तिथूनच नजर थेट डोक्यापर्यंत जाते.

वात अरुण नदीपलीकडे आहे. टॅक्सी करून पुलाला वळसा घालू नका. ता तियनच्या धक्क्यावरून छोटी बोट काही बाहतमध्ये (थायलंडचं चलन) पलीकडे सोडते. चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी जवळून बघायची तर सकाळी जा, नदीकडची बाजू तेव्हा उन्हात असते. सूर्यास्तासाठी मात्र अलीकडच्या, पूर्वेच्या काठावर थांबा. सूर्य मंदिरामागे मावळतो, तो आवारातून काय दिसणार!

एवढ्यात दिवस संपतो. चायनाटाउनजवळचं वात त्रायमित त्यातच कोंबू नका. तिथला साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध कित्येक वर्षं गिलाव्याखाली झाकलेला होता. 1955 मध्ये मूर्ती हलवताना गिलावा तडकला आणि सोनं दिसलं. त्याला निवांत सकाळ द्या.

आठवण म्हणून बुद्धमूर्ती घेणार असाल, तर ती देशाबाहेर न्यायला थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातल्या छोट्या ताइताचा प्रश्न येत नाही. मूर्ती मोठी असेल, तर परवान्याचं काम दुकानदार करून देतो का ते पैसे देण्याआधी विचारा. नाही म्हणाला तर मूर्ती तिथेच राहू द्या.