जड तेल, कार्बन डायऑक्साइड आणि कोकणातला मे महिना

लोणेऱ्याला पेट्रोकेमिकल शिकत होते तेव्हा खनिज तेल म्हटलं की मुंबई हायचंच डोळ्यांसमोर यायचं, हलकं आणि वाहतं. पुढे रायगडातच, खाडीकाठच्या एका छोट्या लॅबमध्ये जड तेलाचा नमुना पहिल्यांदा हातात आला. बाटली आडवी केली तरी तेल जागचं हललं नाही. होडीच्या बुडाला लावायचं डांबर बाबा आधी चुलीवर तापवून घ्यायचे, ते आठवलं.

जड तेलावर जुना उपाय तोच, तापवणं. कुठे वाफ सोडतात, तर गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बालोलला जमिनीखाली हवा सोडून तेलाचा काही भाग जाळतात. पण थर पातळ असेल किंवा फार खोल असेल तर उष्णता आजूबाजूच्या खडकातच मुरते. तिथे जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा विचार होतो.

नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. हलक्या तेलात पुरेशा दाबाला हा वायू तेलाशी पूर्ण एकजीव होऊ शकतो. जड तेलात तेवढा दाब बहुतेक वेळा मिळत नाही. वायू काही प्रमाणात विरघळतो, तेल फुगतं आणि पातळ होतं, कधी कधी दहापटीहूनही जास्त. पण विरघळायला वेळ लागतो. घाई केली तर पातळ वायू जाड तेलातून वाट काढून पुढे पळतो आणि तेल मागेच राहतं. म्हणूनच एकाच विहिरीत वायू सोडून, ती काही दिवस बंद ठेवून मग उपसण्याची पद्धत आहे. तुर्कस्तानातलं बाटी रामान तेलक्षेत्र जरूर अभ्यासा. तिथलं तेल इतकं जड की आपसूक दोन टक्केही निघालं नसतं. 1986 पासून सुमारे 90 किलोमीटरवरच्या दोदान वायूक्षेत्रातला कार्बन डायऑक्साइड तिथे सोडला जातो.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. जड तेलात हा वायू किती विरघळतो ते मोजत होते, आणि मे महिन्यात माझे आकडे जुळेनात. पंपात भरलेला वायू आणि तेलात गेलेला वायू यांचा हिशोब रोज वेगळा यायचा. तीन आठवडे मी गळती शोधत होते. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून झालं, बुडबुडा कुठेच नाही. शेवटी एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं: 34 अंश.

कार्बन डायऑक्साइड 31.1 अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, कितीही दाबा. पावसाळ्यात 25 अंशांना सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि दाबाचा काटा 64 बारच्या आसपास स्थिर राहतो. मे महिन्यात तोच वायू ना धड द्रव, ना धड वायू. तापमान अंशभर हललं की घनता बदलते. मी मात्र पावसाळ्यातली घनता धरून हिशोब करत होते. पंपाभोवती पाच अंशांचं पाणी खेळवलं आणि दोन दिवसांत आकडे जागेवर आले. आणखी एक: आत द्रव आहे तोवर दाबाच्या काट्यावरून शिल्लक कळत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा.

प्रयोग संपल्यावर दाब सावकाश उतरवा. मी एकदा भसकन उतरवला. सांध्यातल्या रबराच्या गोल कड्यात, म्हणजे ओ-रिंगमध्ये, मुरलेला वायू आतून फुगला आणि रिंगवर भाजल्यासारखे फोड आले. तेलाचाही फेस होऊन नळीत चढला. ती नळी धुण्यात अख्खा दिवस गेला. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्याचा मीटर गुडघ्याच्या उंचीला हवा, डोक्याच्या नव्हे.

काय वाचायचं, हे मुलं विचारतात. सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी अवस्थाचित्र, म्हणजे कुठल्या दाब-तापमानाला काय द्रव आणि काय वायू, हे हाताने काढता यायला हवं. मग डार्सीचा नियम, म्हणजे सच्छिद्र खडकातून द्रव किती वेगाने वाहतो त्याचं गणित. गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपर आहे, पण केमिकलवाल्यांनी बिचकू नये, हा विषय मुळात त्यांचाच आहे. हेच ज्ञान कार्बन जमिनीत साठवण्याच्या कामातही लागतं, आणि ते काम वाढतं आहे.

इंटर्नशिप मिळाली तर काचेची खिडकी असलेला दाबपात्राचा प्रयोग बघायला मागा. काळ्या तेलाची रेघ खिडकीत हळूहळू वर सरकते, तासाला जेमतेम केसभर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेवटची एसटी चुकली होती.