चेतापेशी की मज्जापेशी? मराठी विकिपीडियावरील मेंदूविषयक लेख गटाने कसे सुधारावेत

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. गडकिल्ले, संत, साहित्यिक आणि क्रिकेट यांवर तेथे पुष्कळ लिहिले गेले. मात्र मेंदू, चेतासंस्था आणि त्यांचे आजार यांवरील पाने अजून बरीच तोकडी आहेत. एकट्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण विषय जाणणारा, मराठी नेमकी लिहिणारा आणि विकिपीडियाचे नियम ठाऊक असणारा माणूस बहुधा एकच नसतो. अमेरिकेतील सोसायटी फॉर न्यूरोसायन्स या संस्थेने २००९ मध्ये आपल्या सदस्यांना विकिपीडियावरील लेख सुधारण्याचे आवाहन केले, तेव्हा तिच्यापाशी विषयतज्ज्ञ हजारोंनी होते. आपल्यापाशी पाचसात जण असतील. त्यामुळे कामाची आखणी वेगळी करावी लागते.

गट जमवताना निदान तीन प्रकारची माणसे हवीत: शरीरशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकलेली एक व्यक्ती, मराठी वाक्य तपासू शकणारी एक, आणि साचे (पानावर लावायचे तयार नमुने), वर्ग (लेखांच्या विषयवार याद्या) व संदर्भ बिनचूक लावू शकणारी एक. उरलेले सगळे शिकत शिकत येतात. प्रत्येकाने स्वतःचे खाते उघडावे. एकाच खात्यावरून अनेकांनी लिहिणे नियमात बसत नाही आणि लेखातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘इतिहास’ पानावर कोणी काय केले हेही कळत नाही. पहिले दोन आठवडे धूळपाटीवरच, म्हणजे सरावाच्या पानावरच, लिहावे. हे कंटाळवाणे वाटते, पण मुख्य पानावर घाईने टाकलेला अर्धा मजकूर दुसऱ्या संपादकाने उलटवला की नवा स्वयंसेवक परत येत नाही, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

लेखाला हात लावण्याआधी एक काम मात्र पुरे झालेच पाहिजे, ते म्हणजे परिभाषेची यादी. मराठी विश्वकोश ‘तंत्रिका तंत्र’ आणि ‘तंत्रिका कोशिका’ म्हणतो, बालभारतीची पाठ्यपुस्तके ‘चेतासंस्था’ आणि ‘चेतापेशी’ म्हणतात, वर्तमानपत्रांत ‘मज्जासंस्था’ आणि ‘मज्जातंतू’ येतात, तर डॉक्टर मंडळी सरळ ‘न्यूरॉन’ म्हणून मोकळी होतात. चौघे जण चार लेख लिहितात आणि वाचकाला वाटते की या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. माझे मत पाठ्यपुस्तकांच्या बाजूने आहे: दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलेला शब्द घ्यावा. शिवाय ‘मज्जा’ या शब्दाला एक अडचण आहे. तो हाडांतील मगजालाही लागतो, आणि ‘मज्जापेशी’ लिहिल्यावर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतील पेशी म्हणायच्या आहेत की मेंदूतील, हे वाक्य पुरे वाचल्याशिवाय कळत नाही. मात्र ‘प्रमस्तिष्क’ आणि ‘अनुमस्तिष्क’ यांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकाचा शब्द शीर्षकाला ठेवून पहिल्याच वाक्यात ‘मोठा मेंदू’ आणि ‘लहान मेंदू’ हे रोजचे शब्द द्यावेत, नाहीतर लेख परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा वाटू लागतो. ही यादी एखाद्या सदस्याच्या उपपानावर किंवा विकिप्रकल्पाच्या पानावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी आणि प्रत्येक निवडीपुढे कारण एका ओळीत लिहावे. सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन ‘तंत्रिका का नाही?’ असे विचारतो, तेव्हा ती ओळ उपयोगी पडते.

न निवडलेले शब्द टाकून द्यायचे नसतात. त्यांची पुनर्निर्देशने करायची असतात, म्हणजे तो शब्द शोधणारा वाचक आपोआप योग्य लेखावर पोहोचेल अशी सोय करायची असते. आजारांच्या लेखांत याचे महत्त्व फार आहे. लेखाचे नाव ‘अपस्मार’ असेल, पण घरात कोणाला तरी झटका आल्यावर घाबरलेला माणूस ‘फिट येणे’, ‘मिरगी’ किंवा ‘फेफरे’ असेच शोधणार. हे तिन्ही शब्द अपस्माराच्या पानाकडे वळले पाहिजेत. तसेच ‘अर्धांगवायू’ आणि ‘पक्षाघात’ यांचे करताना जपून करावे: बोलीत हे शब्द मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होण्याच्या घटनेलाही लागतात आणि त्यामुळे लुळ्या पडलेल्या अंगालाही लागतात. कारण आणि परिणाम यांचे लेख वेगळे असतील, तर कोणता शब्द कुठे वळवायचा हे चर्चापानावर आधी ठरवावे.

यानंतर लेख निवडावेत, आणि तेही थोडे. मेंदू, चेतापेशी, मेरुरज्जू, अपस्मार, पार्किन्सनचा आजार, स्मृती, झोप अशी सातआठ पाने सहा महिन्यांसाठी पुरेत. प्रत्येक पानाचा एक धनी ठरवावा आणि काम चालू असताना ‘काम चालू आहे’ असा साचा लावावा. दोघांनी एकाच वेळी एकच विभाग उघडला की संपादन संघर्ष होतो आणि तासाभराची मेहनत दुसऱ्यांदा करावी लागते. म्हणून विभाग वाटून घ्यावेत आणि दर दहापंधरा मिनिटांनी, बदलाचा सारांश लिहून, जतन करत राहावे.

मजकूर तपासण्याची पद्धत एका वाक्यावरून सांगतो. आमच्या हाती आलेल्या एका मसुद्यात ‘मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात’ असे लिहिले होते. वाक्य ऐकीव आणि सगळीकडे सापडणारे होते, पण मूळ शोधू लागल्यावर त्याखाली मोजणी कुठेच दिसेना. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि ब्राझीलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली चार प्रौढ पुरुषांच्या मेंदूंची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांनी मेंदूच्या ऊतीचे द्रावण करून त्यातील पेशीकेंद्रके मोजली आणि सरासरी सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आढळल्या. दुरुस्ती सोपी वाटली, तेवढ्यात दुसऱ्या स्वयंसेवकाने घाईत ‘८६ कोटी’ लिहिले आणि मेंदू शंभर पटींनी आक्रसला. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की मोठी संख्या दोन्ही प्रकारे लिहायची: ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी. त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती जी लेखात यायलाच हवी होती, ती अशी की यांपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी लहान मेंदूत आहेत आणि मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सुमारे १६ अब्जच आहेत. एका संख्येची शहानिशा करायला गेलो आणि लहान मेंदूच्या लेखाला त्याचे पहिले चांगले वाक्य मिळाले.

आजार आणि उपचार यांच्या विधानांना याहून कडक कसोटी लावावी. एकट्यादुकट्या प्रयोगावर, वर्तमानपत्रातील बातमीवर किंवा औषध कंपनीच्या पत्रकावर विसंबू नये. अनेक अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणारे लेख, मान्य पाठ्यपुस्तके आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांची प्रकाशने हाच आधार धरावा, आणि तोही शक्यतो गेल्या पाच वर्षांतला. औषधाची मात्रा लिहू नये. अपस्माराच्या लेखात झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेचा उल्लेख जरूर यावा, कारण ती आपल्याकडे खरोखरच आढळते; पण तिचा उपयोग होत नाही, तोंडात काही घालू नये आणि माणसाला कुशीवर वळवावे, हे संदर्भासह, कोणाची टवाळी न करता लिहावे.

इंग्रजी लेखाचे भाषांतर करण्यास हरकत नाही, पण बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा देणे विकिपीडियाच्या परवान्यानुसार बंधनकारक आहे. विश्वकोश आणि पाठ्यपुस्तके ऑनलाइन वाचता येतात म्हणून त्यांतील परिच्छेद उचलता येतात, असे मात्र नाही. माहिती घ्यावी, वाक्ये आपली लिहावीत. भाषांतर यंत्राने केले असेल तर ओळन् ओळ मोठ्याने वाचावी. चेतापेशी आवेग पाठवते (इंग्रजीत ‘फायरिंग’) याचा ‘न्यूरॉनचा गोळीबार’ झालेला आणि मेंदूच्या कानशिलाजवळच्या खंडाचा (इंग्रजीत ‘टेम्पोरल लोब’) ‘ऐहिक कानाची पाळी’ झालेला मजकूर मी पाहिला आहे. हसू येते खरे, पण एखाद्या विद्यार्थ्याने तो वहीत उतरवून घेतलेला असतो.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त चित्रांचे भांडार पाहावे. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी काढलेली चेतापेशींची रेखाटने तेथे आहेत. १९०६ चे नोबेल त्यांना इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांच्यासोबत मिळाले, आणि पेशी रंगवून दिसू लागतील अशा गॉल्जींच्याच रंजनपद्धतीने काहाल यांनी चेतापेशी सलग जाळ्यासारख्या जोडलेल्या असतात हा गॉल्जींचा सिद्धांत मोडीत काढला होता. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या शरीररचनेवरील इंग्रजी ग्रंथाच्या जुन्या आवृत्तीतील आकृत्याही तेथे मुक्त आहेत. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीचे चित्रकार हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले आणि त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवले. हे मराठी वाचकाला सांगण्याजोगे आहे, मात्र चित्राखालच्या ओळीत न कोंबता कार्टर यांच्या स्वतंत्र पानावर. आकृतीतील नावे मराठीत लिहिताना आपली परिभाषेची यादी समोर ठेवावी, कारण लेखात ‘अक्षतंतू’ आणि चित्रात ‘अॅक्सॉन’ असे झाले की सगळी मेहनत वाया जाते.

महिन्यातून एकदा गटाने एकत्र बसून केवळ वाचन करावे, आणि ते विषय न जाणणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन. तो जिथे अडखळेल त्या वाक्यावर खूण करावी. मतभेद झाल्यास ते लेखाच्या चर्चापानावर मांडावेत, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. तेथे ठरलेले बाहेरच्या संपादकाला दिसत नाही आणि मग तो ते सद्हेतूने उलटवतो.

नव्याने आलेल्या स्वयंसेवकाला पहिले काम म्हणून आम्ही ‘नस’ या शब्दाचे निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एका शब्दाचे निरनिराळे अर्थ वेगवेगळ्या लेखांशी जोडणारे पान, देतो. ‘नस दबली’ म्हणताना संदेश वाहून नेणारी चेता असते, ‘सुई टोचायला नस सापडेना’ म्हणताना रक्तवाहिनी असते, आणि ‘मानेची नस धरली’ म्हणताना बहुतेक वेळा नुसता स्नायू आखडलेला असतो. हे तिन्ही अर्थ त्याला घरीच ठाऊक असतात. संदर्भ शोधून प्रत्येकाला योग्य लेखाशी जोडायचे एवढेच उरते.