जुनी लेगो रेसकार कोकणात जपताना : या चुका टाळा

लेगोची 8461 नंबरची विल्यम्स फॉर्म्युला वन गाडी 2002 साली आली. निळी-पांढरी, 1484 तुकड्यांची. मागे दहा सिलिंडरचं इंजिन, गाडी ढकलली की पिस्टन वर-खाली होणार. आमच्याकडे ती मस्कतला असलेल्या काकांच्या बॅगेतून उतरली. बाकीच्यांना साबण, अत्तर आणि खजूर. आम्हा दोन पोरांना मिळून हा एक खोका. मी आणि माझा मामेभाऊ मालवणच्या घरी पडवीत चटई टाकून बसलो आणि चार दिवसांत गाडी उभी केली. आजही भेटलो की आंब्याचा भाव बोलून झाला की विषय तिच्यावर येतो.

तीन वर्षं आम्ही ती दामटली. खेळताना तिचं काही बिघडलं नाही. बिघडली ती आम्ही तिला जपायला लागल्यावर. जुन्या लेगोची निगा कशी राखावी याचे सल्ले भरपूर मिळतात, पण ते बहुतेक कोरड्या हवेत बसून लिहिलेले असतात. त्यांना आपला आषाढ माहीत नाही.

भर पावसात डबा बंद करणं

हवाबंद डब्यात ठेवा, हा सल्ला बरोबर आहे. कधी ठेवा, ते कुणी सांगत नाही. आम्ही जुलैत गाडी डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं, वर चिकटपट्टी मारली. म्हणजे जुलैची दमट हवाच आत कोंडली. गणपतीला डबा उघडला तर स्टिकरांवर काळे ठिपके, सूचनापुस्तिकेला कुबट वास आणि पानं एकमेकांना चिकटलेली. प्लास्टिकला बुरशीचं काही वाटत नाही; तिला कागद, गोंद आणि बोटांचा घाम लागतो.

डबा भरायचा तो डिसेंबर-जानेवारीत, दुपारी, हवा सुकी असताना. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण मागच्या वर्षीच्या तशाच नकोत. त्या तोवर पाणी पिऊन बसलेल्या असतात. पुस्तिका वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर कसर लागते. आणि डबा माळ्यावर नको. कौलांखाली एप्रिल-मेमध्ये जी भट्टी होते त्यात टायर मऊ पडून शेजारच्या प्लास्टिकवर डाग सोडतात. टायर काढून कागदात गुंडाळून ठेवले तर उत्तम.

डांबरगोळ्या आणि खोबरेल

या दोन चुका खास आपल्या. कपाटात झुरळं नकोत म्हणून आईने डब्यात चार डांबरगोळ्या टाकल्या. लेगोचे ठोकळे 1963 पासून एबीएस प्लास्टिकचे असतात आणि त्यातला ‘एस’ म्हणजे स्टायरीन. नॅप्थलीनची वाफ स्टायरीनला मानवत नाही. गोळी जिथे टेकली होती तिथे ठोकळ्याचा पृष्ठभाग चिकट आणि खडबडीत झाला, तो कायमचा.

खोबरेलाचा मान मामेभावाचा. गिअर जड फिरतात म्हणून त्याने थेंब थेंब सोडलं. आठवडाभर गाडी लोण्यासारखी पळाली. मग चिऱ्याची तांबडी धूळ त्यात बसून चिखल झाला, आणि पौषात सकाळी पाहतो तर तेल थिजून गिअर जागच्या जागी! लेगोच्या गिअरना कुठलंच तेल लागत नाही.

मग गिअर जड का फिरतात?

दहातल्या नऊ वेळा कारण एकच: आसावरचे बुश, म्हणजे आस सरकू नये म्हणून लावायच्या छोट्या कड्या, आपण दाबून बसवलेले असतात. बुश आणि बीम (भोकांची पट्टी) यांच्यात कागद जाईल इतकी फट हवी. सगळं घट्ट दाबलं की आस घासतो. एका जागचं घासणं बोटाला कळतही नाही, पण चाकापासून पिस्टनपर्यंत सात-आठ जागी घासलं की गाडी ब्रेक लावल्यासारखी चालते. पूर्ण उकलायची गरज नाही. इंजिनाकडून सुरुवात करा, एकेक आस सुटा फिरवून बघा, जिथे अडेल तिथला बुश नखाने किंचित मागे घ्या.

दुसरा घोटाळा जास्त गमतीचा. गाडी हातात उचलायची, मागचं एक चाक फिरवायचं, पिस्टन हलले नाहीत की ‘इंजिन गेलं’ म्हणून सगळं सोडायला घ्यायचं. टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्या गिअरवाल्या मालिकेतल्या, मोठ्या गाड्यांत मागे डिफरन्शियल असतं: दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. एकच चाक फिरवलं तर दुसरं उलट फिरतं आणि इंजिनाकडे काही पोचत नाही. ते त्याचं कामच आहे. दोन्ही चाकं एकत्र फिरवा, नाहीतर सरळ जमिनीवर ठेवून ढकला. आम्ही या कारणापायी एकदा अख्खी मागची बाजू उकलली होती, शिमग्याच्या सुट्टीचे दोन दिवस त्यात गेले.

धुणं आणि वाळवणं

कोमट पाणी, 40 अंशांच्या वर नाही, भांड्याचा साबण दोन थेंब, जुना टूथब्रश. टूथपेस्ट नको, चरे पडतात. स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. सस्पेन्शनचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर तर मुळीच धुवू नका: त्यात धातूची स्प्रिंग असते. समुद्राजवळ ती नुसत्या हवेनेही गंजते, मग पाणी अडकलं की बोलायलाच नको.

वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. मी पांढरे तुकडे मे महिन्यात खळ्यात पसरले होते, आजीच्या आमसुलांशेजारी. ती म्हणाली, “मेल्या, सोलां आसत काय ती?” तिला ठाऊक नव्हतं, पण मुद्दा रास्त होता. उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

पिवळेपणावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय सगळीकडे सांगतात. द्रावणात बुडवून उन्हात ठेवायचं. रंग उजळतो हे खरं, पण पृष्ठभागावर ढगाळ पट्टे येऊ शकतात, छापील चित्रं फिकी पडू शकतात आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो. माझं मत विचाराल तर हलका पिवळा रंग राहू द्या. करायचंच असेल तर हातमोजे घाला, आणि आधी दोन फालतू तुकड्यांवर करून बघा.

स्टिकर

न लावलेला स्टिकरचा ताव जुना असला तर तो लावू नका. वीस वर्षांत गोंद सुकलेला असतो. लावला की कडा उचलतात, पावसाळ्यात तर हमखास. तो पुठ्ठ्यांत दाबून ठेवा आणि गाडीवर नवे छापून घेतलेले लावा. दोन तुकड्यांवर मिळून आलेला स्टिकर असेल तर गाडी उकलण्याआधी सांध्यावरून ब्लेड फिरवा. आम्ही फिरवलं नाही, आणि नाकाजवळचा स्टिकर अर्धा फाटला.

विकत घेताना

‘पूर्ण सेट’ या शब्दावर जाऊ नका. ठोकळ्यांवरच्या गोल बटणांवर लेगोचं नाव उठवलेलं आहे का ते भिंगाने बघा, नकली तुकडे बेमालूम मिसळलेले असतात. पुस्तिका हरवली असेल तर त्यासाठी पैसे मोजण्याआधी लेगोच्या संकेतस्थळावर शोधा, पुष्कळ जुन्या सेट्सच्या पुस्तिका तिथे फुकट आहेत. सुटे तुकडे ब्रिकलिंक या लेगोच्या ऑनलाइन बाजारात मिळतात, पण बाहेरून मागवताना सीमाशुल्काचा हिशेब आधी करा: खेळण्यांवरचं शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. चार पिस्टनांसाठी आम्ही पार्सल मागवलं नाही. पुढच्या वेळी कुणी मस्कतहून येईल तेव्हा यादी द्यायची असं ठरलंय.